भिशीचे ७०,००० रुपये आणि माझा पहिला गेमिंग संगणक

२०२३ च्या ऑगस्टमध्ये ऑफिसातली भिशी मला लागली. आम्ही १४ जणी, प्रत्येकी ५,००० रुपये, म्हणजे हातात एकरकमी ७०,००० रुपये आले. त्या पैशांचे काय करायचे हे माझ्या मनात आधीच पक्के होते. एकेक भाग पारखून निवडायचा आणि स्वतःच्या हाताने गेमिंग संगणक जोडायचा. त्याच रात्री जेवणे आटोपल्यावर मी वही उघडली आणि पहिल्या ओळीत प्रोसेसर लिहिला. हिशेब तिथेच चुकला, कारण आठ कोरचा (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या आठ भागांचा) रायझन ७ प्रोसेसर आणि त्याला साजेसा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड, मांडल्यावर ग्राफिक कार्डासाठी जेमतेम १३,००० रुपये उरत होते आणि मॉनिटरच्या रकान्यात मी घरातलाच जुना १९ इंची मॉनिटर लिहून टाकला होता. बाबा वीजमंडळात लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. गेम त्यांनी कधी खेळलेला नाही, पण माझी यादी त्यांनी बिलासारखी वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारले, "अगं, हे सगळं ठीक आहे, पण दिसणार कशावर?"

त्या एका प्रश्नाने मी यादी उलटी केली. आधी काय खेळणार ते, मग ते कोणत्या पडद्यावर दिसणार ते, त्या पडद्याला चित्रे पुरवणारे ग्राफिक कार्ड, त्या कार्डाला काम देत राहणारा प्रोसेसर, आणि बाकीचे सगळे त्यानंतर. पहिल्यांदा संगणक जोडणाऱ्या प्रत्येकाला मी हाच क्रम सांगते. बजेट अपुरे असेल तर तो अधिकच कसोशीने पाळावा, कारण मोठ्या बजेटमध्ये चुकीच्या क्रमाची भरपाई पैशाने होते आणि लहान बजेटमध्ये ती होत नाही.

माझे खेळ तीन तऱ्हेचे होते. रात्री मैत्रिणींबरोबर व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन खेळ, सुट्टीच्या दिवशी सायबरपंकसारखे मोठे कथानक असलेले खेळ, आणि कधीपासून राहून गेलेला, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला 'राजी'. या तिन्हींच्या गरजा वेगवेगळ्या आहेत. व्हॅलोरंट ग्राफिक कार्डावर फार भार टाकत नाही, पण तिथे सेकंदाला जितक्या जास्त फ्रेम, म्हणजे नवी चित्रे, मिळतील तितका हाताला फरक जाणवतो. सायबरपंक कार्डाचा घाम काढतो. 'राजी' बेताच्या यंत्रावरही सुखाने चालतो.

६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र दाखवतो, तर १४४ हर्ट्झचा ६.९ मिलिसेकंदांनी. नेम धरून खेळायच्या खेळात हा फरक पहिल्या दहा मिनिटांत कळतो आणि मग मागे जाववत नाही. एल्डन रिंगसारखे काही खेळ मात्र मुळातच ६० फ्रेमना बांधलेले असतात. ज्याला फक्त तेच खेळायचे आहेत त्याने १४४ हर्ट्झसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. रिझोल्यूशनचा, म्हणजे पडद्यावर रंगाचे ठिपके (पिक्सेल) किती याचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. १९२०×१०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात आणि २५६०×१४४० च्या पडद्यावर सुमारे ३६.९ लाख, म्हणजे कार्डाला प्रत्येक चित्रासाठी पावणेदोन पट पिक्सेल रंगवावे लागतात. मोठे रिझोल्यूशन घेणे म्हणजे मॉनिटरवर त्या वेळचे पाच-सात हजार जास्त देणे एवढेच नसते, पुढे कार्डावरही तितकाच मोठा खर्च ओढवून घेणे असते. म्हणून मी २४ इंची, १०८०पी (म्हणजे १९२०×१०८०), आयपीएस पॅनेलचा (बाजूनेही रंग नीट दिसणारा), १४४ हर्ट्झचा मॉनिटर १०,२०० रुपयांना घ्यायचे ठरवले आणि उरलेल्या ५९,८०० रुपयांत बाकीचे बसवायला लागले.

ग्राफिक कार्डावर मी सर्वांत जास्त दिवस घालवले आणि त्याचा मला आजही आनंद आहे. माझ्यासमोर आरएक्स ६५०० एक्सटी, जीटीएक्स १६५०, आरटीएक्स ३०५० आणि आरएक्स ६६०० अशी चार कार्डे होती, आरएक्स नावाची एएमडीची आणि बाकीची एनव्हीडियाची. त्या दिवसांतल्या भावाने पहिली दोन १३ ते १५ हजारांत, ३०५० सुमारे २२ हजारांत आणि ६६०० साडेवीस हजारांत मिळत होती. साडेवीस हजारांतले कार्ड बावीस हजारांतल्या कार्डापेक्षा वेगवान असू शकते हे बाबांना पटवून देताना मला आधी स्वतःला नीट समजून घ्यावे लागले. रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाश-सावल्यांचा खऱ्यासारखा हिशेब, नसलेल्या खेळांत आरएक्स ६६०० हे ३०५० ला स्पष्टपणे मागे टाकते. ३०५० च्या बाजूने बोलायचे तर तिथे रे ट्रेसिंग बरे चालते, डीएलएसएस (कमी पिक्सेलचे चित्र मोठे करून फ्रेम वाढवणारी सोय) मिळते, आणि ब्लेंडरसारख्या थ्रीडीच्या कामात एनव्हीडियाच्या कार्डाला जो आधार आहे तो एएमडीला नाही. जी व्यक्ती दिवसा थ्रीडीचे काम करते आणि रात्री खेळते तिने ३०५० घ्यावे, असे मीच सांगेन. माझे दिवसाचे काम हिशेबाचे, तेव्हा माझ्यासाठी निर्णय सोपा होता.

आरएक्स ६५०० एक्सटीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटते, कारण कमी बजेटमध्ये पहिल्यांदा जोडणारा माणूस नेमका याच कार्डाशी येऊन थांबतो. याची मेमरी ४ जीबी. खेळातले टेक्स्चर, म्हणजे भिंती, कपडे, गवत यांची चित्रे, त्या मेमरीत मावली नाहीत तर कार्ड ती संगणकाच्या रॅममधून मदरबोर्डच्या स्लॉटमार्गे मागवते. आणि हे कार्ड त्या स्लॉटच्या १६ लेनपैकी, म्हणजे डेटा जाण्याच्या वाटांपैकी, फक्त ४ लेन वापरते. पीसीआयई ही या स्लॉटची जोडणी, तिच्या ४.० पिढीच्या बोर्डावर या ४ लेनमधून सेकंदाला सुमारे ८ जीबी जातात, पण स्वस्तातले बोर्ड बहुधा ३.० चे असतात आणि तिथे हाच आकडा सुमारे ४ जीबीवर येतो. आरएक्स ६६०० ची स्वतःची मेमरी सेकंदाला २२४ जीबी पुरवते, हे शेजारी ठेवून पाहिले की ४ जीबीच्या वाटेने माल मागवणे म्हणजे काय ते लक्षात येते. खेळ चालता चालता अडखळतो, आणि वापरणाऱ्याला वाटते की प्रोसेसर कमी पडतो आहे. शिवाय खेळाचे रेकॉर्डिंग करायला लागणारा व्हिडिओ एन्कोडरही या कार्डात नाही. स्वस्त बोर्डावर बसवायचे म्हणून घेतलेले हे कार्ड स्वस्त बोर्डावरच सर्वांत जास्त मार खाते.

आरएक्स ६६०० पूर्ण १६ लेन वापरत नाही, पण ८ वापरते आणि त्याची मेमरी ८ जीबी आहे. त्यामुळे ३.० च्या बोर्डावर त्याचे नुकसान अगदी थोडे होते. ही एक गोष्ट कळल्यामुळे पुढे मदरबोर्डावर माझे दोन हजारांहून जास्त वाचले. ते कसे, हे ओघात सांगते.

जुन्या कार्डांचा विचारही मी केला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग, म्हणजे कार्डांवर गणिते सोडवून चलन कमावणे, बंद झाले आणि दिवसरात्र त्याच कामाला जुंपलेली कार्डे बाजारात आली. आरएक्स ५८० मला साडेसात हजारांत सांगितले गेले होते. बिल नाही, वॉरंटी नाही, आणि पंख्याचा आवाज ऐकायची सोयही नाही. एकूण बजेट ३५,००० असते तर मी तेही घेतले असते, पण समोर अर्धा तास खेळ चालवून, तापमान पाहून आणि मगच पैसे देऊन. माझ्याकडे तीन वर्षांच्या वॉरंटीचे नवे कार्ड घेण्याइतके पैसे होते.

प्रोसेसर आता सोपा झाला. आरएक्स ६६०० ला १४४ फ्रेमपर्यंत काम देत राहील असा सहा कोर, बारा थ्रेडचा (प्रत्येक कोर दोन कामे सांभाळणारा) रायझन ५ ५६०० मला १२,३०० रुपयांत मिळत होता आणि त्याच्या डब्यात कूलरही येतो. इथे नावांचा घोळ फार आहे. ५५००, ५६००, ५६००जी हे तिन्ही सहा कोरचेच, पण ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे, तर ५५०० आणि ५६००जी मध्ये १६ एमबी, आणि खेळांना ही कॅश फार मानवते. वर, ते दोघे पीसीआयई ३.० वरच थांबतात. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आतच असते. ज्याला आज कार्ड घेणे परवडत नाही आणि सहा महिन्यांनी घ्यायचे आहे त्याच्यासाठी ती खरोखर चांगली वाट आहे. पण कार्ड आजच घेणाऱ्याला 'जी' चा उपयोग नाही. इंटेलकडे चार कोरचा कोअर आय३-१२१००एफ मला मोहात पाडत होता, कारण तो कितीतरी स्वस्त होता आणि साध्या बजेटला तो आजही शोभतो. शेवटचे 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

नवा एएम५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसण्याची जागा) का घेतला नाही, हे मला अनेकांनी विचारले. त्या वेळी रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड आणि डीडीआर५ रॅम हे तिन्ही घेतले तर माझ्या निवडीपेक्षा १५ हजारांहून जास्त लागत होते. ते १५ हजार कार्डातूनच काढावे लागले असते, म्हणजे पाच वर्षांनंतरच्या सोयीसाठी आजचा खेळ मंद करायचा. माझ्या प्रोसेसरचा एएम४ हा २०१६ पासूनचा सॉकेट आता शेवटाला आला आहे हे खरे, पण त्याच बोर्डावर उद्या आठ कोरचा ५८००एक्स३डी बसतो, तेव्हा वाट अगदी बंद नव्हती.

मदरबोर्ड निवडताना बी४५० आणि बी५५० या दोन प्रकारांच्या बोर्डांत दोन हजारांहून थोडा जास्त फरक होता. बी५५० मध्ये पीसीआयई ४.० मिळते, पण माझ्या कार्डाला ३.० चे फार नुकसान नाही हे वर आलेच आहे. म्हणून मी ६,७०० रुपयांचा बी४५०एम घेतला, पण तीन गोष्टी तपासून. रॅमचे चार स्लॉट, प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर उष्णता शोषणारे धातूचे हीटसिंक, आणि खोक्यावर रायझन ५००० चालत असल्याची चिकटपट्टी. ही चिकटपट्टी नसलेला जुना साठा हाती आला तर बायोस (बोर्डाचे स्वतःचे सुरुवातीचे सॉफ्टवेअर) जुने असते, बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखतच नाही आणि ते अद्ययावत करायला दुसरा जुना प्रोसेसर शोधत फिरावे लागू शकते.

रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन पट्ट्या. एका पट्टीतून डीडीआर४-३२०० ला सेकंदाला २५.६ जीबी मिळतात, दोन पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये बसवल्या की ५१.२. "आत्ता सोळाची एकच घ्या, पुढे अजून एक टाकता येईल," हा सल्ला मला दोन दुकानांत मिळाला. चार स्लॉटच्या बोर्डावर पुढची जागा दोन पट्ट्या लावूनही शिल्लक राहते, त्यामुळे आज निम्म्या रुंदीवर खेळण्याचे कारण नव्हते. तेव्हा ही जोडी ३,५०० रुपयांना आली. २०२५ संपता संपता रॅमचे भाव असे कडाडले की आज याच पैशांत ही यादी बसवायला निघालेल्याने माझ्या आकड्यांवर विसंबू नये, रॅमचा भाव आधी पाहून मग बाकीचे मांडावे.

साठवणीसाठी एसएसडी १ टीबीची, थेट बोर्डावर बसणारी एनव्हीएमई, ४,३०० रुपये. ५०० जीबीची घेतली तर विंडोजमध्ये ४६५ च दिसते, त्यातून विंडोज स्वतःची जागा घेते आणि मग १०० जीबीचे दोन-तीन मोठे खेळ टाकले की रोज काहीतरी पुसत बसावे लागते. वेगासाठी याहून महाग घेण्याची गरज खेळांना नाही.

आता एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. माझ्या यादीतला हा एकच भाग असा आहे की त्यावर घातलेला एकही रुपया पडद्यावर दिसत नाही, आणि तरी तो कापायला मी कधीही तयार होणार नाही. कारण घरात घडलेले आहे. २०१४ मध्ये दादासाठी गावातल्या एका दुकानातून असेंबल्ड संगणक आणला होता. कॅबिनेटबरोबर 'फुकट' आलेला एसएमपीएस, वर ठळक अक्षरांत ४५० वॅट. दीड वर्षाने एका दुपारी वीज जाऊन आली, फट्‌ असा आवाज झाला आणि खोलीभर जळक्या माशासारखा वास पसरला. तो एकटा गेला असता तर हजाराची गोष्ट होती, पण त्याने मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही बरोबर नेली, आणि त्या डिस्कवर दादाचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आणि आजीचे घरात काढलेले शेवटचे फोटो होते. बाबांनी तो डबा उघडून मला दाखवला. आत इवलासा ट्रान्सफॉर्मर, फुगून फाटलेले कपॅसिटर, आणि फिल्टरचे बरेचसे भाग जिथे बसायला हवेत तिथे नुसती छिद्रे, त्यांवर तारेचे जोड. हातात धरल्यावर तो डबा चहाच्या रिकाम्या किटलीइतका हलका लागत होता.

एसएमपीएसच्या बाजूला जी चिकटपट्टी असते ती वाचायला बाबांनी मला शिकवले. ठळक छापलेले वॅट बाजूला ठेवायचे आणि १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहायचे, कारण आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड हे दोघेही १२ व्होल्टवरच जगतात. दादाच्या डब्यावर १२ व्होल्टला १६ अँपिअर होते. बारा सोळे १९२ वॅट. मग ४५० कुठून आले? मी घेतलेल्या ५५० वॅटच्या, ८० प्लस ब्राँझ प्रमाणित एसएमपीएसवर ४५ अँपिअर आहेत, म्हणजे एकट्या १२ व्होल्टवर ५४० वॅट. माझ्या कार्डाला जास्तीत जास्त १३२ वॅट, प्रोसेसरला ९० च्या आत, बाकी सगळ्याला मिळून ५० धरले तरी बेरीज पावणेतीनशेच्या घरात जाते. अर्ध्या भारावर एसएमपीएस सर्वांत कार्यक्षम चालतो, पंखा शांत राहतो, आणि उद्या मोठे कार्ड घेतले तर हाच पुरतो. ब्राँझचा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, सुरक्षिततेचा नाही, एवढे मात्र समजून घ्यावे. संरक्षणाची सर्किटे आणि पाच वर्षांची वॉरंटी मी वेगळी तपासली. मोलेक्स या चार पिनांच्या जुन्या जोडावरून आठ पिनांचा जोड करून देणारी अडॅप्टर वायर कोणी देऊ केली तर ती घेऊ नये. कार्डासाठी सहा-अधिक-दोन पिनांची वायर एसएमपीएसमधूनच यायला हवी.

खरेदीला मी सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला निघाले, दादरला उतरून लोकल पकडली आणि ग्रँट रोडला उतरले. संगणकाच्या भागांचा बाजार असलेला लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तिथे जाण्यासाठी नाशिकहून एक रजा टाकणे योग्य होते का? भावात फार मोठा फरक पडला नाही. पण एकाच भागाच्या चार कंपन्यांची खोकी काउंटरवर मांडून चिकटपट्ट्या वाचता येणे, हे मला ऑनलाइन मिळाले नसते. तिसऱ्या दुकानात पूर्ण यादी दिल्यावर मालकांनी पॅडवर सगळे भाव लिहिले, बेरीज मारली आणि म्हणाले, "मॅडम, एसएमपीएस बाराशेवाला लावा, तीन हजार वाचतात, त्यात आरजीबी कॅबिनेट घ्या." मी नको म्हटले आणि दादाच्या हार्ड डिस्कची गोष्ट सांगितली. त्यांनी मुकाट्याने मला हवा तोच डबा काढून दिला. बिलाशिवाय कमी भाव सांगितले जातात, तेही नाकारावे. १८ टक्के जीएसटीसह पक्के बिल आणि त्यावर कार्ड, बोर्ड, प्रोसेसर यांचे सिरीयल नंबर लिहून घ्यावेत, कारण पुढे कधी वॉरंटीसाठी उभे राहताना दुकानदाराची ओळख उपयोगी पडत नाही, कागद पडतो.

कॅबिनेट मात्र नाशिकमध्येच घेतले, पुढे जाळी आणि तीन पंखे असलेले, ३,७०० रुपयांचे. पुढून बंद काचेची कॅबिनेट दिसायला सुंदर असतात, पण आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा ४० पर्यंत जातो. कीबोर्ड आणि माउस १,६०० चे. एसएमपीएसचे ४,२०० धरून सगळी बेरीज ६७,००० झाली. विंडोजचा रिटेल परवाना दादाच्या त्याच जुन्या संगणकासाठी घेतलेला होता आणि तो नव्या यंत्रावर हलवता आला, म्हणून तो खर्च माझ्या यादीत नाही. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी तो आधीच धरावा.

जोडणी रविवारी, जेवणाच्या टेबलावर, मदरबोर्डचे खोके खाली ठेवून. एएम४ च्या प्रोसेसरला पिना त्याच्याच पोटाशी असतात, १,३३१, केसाइतक्या नाजूक. कोपऱ्यावर एक बारीक सोनेरी त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवर. दोन्ही त्रिकोण एकावर एक आणून, लिव्हर वर असताना प्रोसेसर नुसता सोडला की तो आपल्या वजनाने आत बसतो. बोटाने दाबायचे नाही. तो बसल्याचा आवाज होत नाही, फक्त कडा सॉकेटशी सपाट लागते, आणि मी ती सपाट कडा दोनदा डोळ्यांच्या पातळीवर येऊन पाहिली. कूलरचे चार स्क्रू तिरप्या जोडीने थोडे थोडे पिळले, रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवली. पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखे फिरले आणि पडदा काळाच राहिला. मॉनिटरची वायर मी मदरबोर्डवरच्या पोर्टला लावली होती. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, तेव्हा ती कार्डालाच लागायला हवी. ती बदलली आणि चित्र आले.

त्यानंतर दोन गोष्टी करायच्या राहतात आणि पुष्कळ लोक त्या कधीच करत नाहीत. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये माझी ३२०० ची रॅम २४०० वर चालताना दिसली. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग, चालू केले तेव्हा ती ३२०० झाली. आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजने ६० वर ठेवलेला होता, तो डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन हाताने बदलावा लागला.

रात्री नऊच्या सुमारास यूएसबीची वायर लावायला मागे हात घातला आणि कॅबिनेटच्या स्क्रूला बोट लागताच झिणझिण्या आल्या. मी बाबांना हाक मारली. त्यांनी मल्टिमीटर आणला, आणि मला बाजूला उभे करून भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये मोजमाप घेतले. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३४ व्होल्ट, जसे असायला हवे तसे. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तितकेच यायला हवे होते, आले १४१. म्हणजे सॉकेटातली अर्थिंगची तार कुठेतरी तुटलेली किंवा जमिनीपर्यंत पोहोचतच नव्हती. चांगल्या एसएमपीएसच्या आत विजेतला कचरा गाळणारे जे फिल्टर असते त्याची थोडीशी गळती अर्थिंगमधून जमिनीत जायची असते. ती वाटच नसेल तर ती कॅबिनेटच्या पत्र्यावर साठून राहते आणि हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट शोधते. दादाच्या संगणकालाही हात लावला की अशाच झिणझिण्या यायच्या, हे मला तेव्हा आठवले. त्या काळी आम्ही सगळे ते संगणकाचे स्वाभाविक लक्षण समजत होतो.

उरलेले ३,००० रुपये तिथे गेले. बाबा आणि त्यांचे जुने सहकारी काका, दोघांनी मिळून मागच्या अंगणात पारिजातकाच्या पलीकडे खड्डा खणला, तांब्याची पट्टी जोडलेली प्लेट उभी पुरली, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले, वर पाणी घालायला पाइप ठेवला आणि तार थेट मेन बोर्डापर्यंत आणली. ज्यांच्या घरात असे जाणकार हात नाहीत त्यांनी हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. चौथ्या दिवशी बाबांनी पुन्हा मीटर लावला. फेज ते अर्थ २३३, न्यूट्रल ते अर्थ १ व्होल्टच्या आत. मग त्यांनी पंजाची पाठ कॅबिनेटच्या पत्र्याला टेकवली, तशीच थोडा वेळ ठेवली, आणि मला म्हणाले, "आता लाव तुझा राजी."